पेन्शनला तीन वर्षं उरली असताना: राहावं की निघावं?



आजचा विषय श्रोत्यांनीच दिलेला आहे. प्रश्न थोड्याफार फरकाने असा येतो: "भाऊ फौजेत आहे. बारा वर्षं झाली. आता नको म्हणतो. पेन्शनला तीन वर्षं आहेत. काय करावं?" कधी विचारणारा भाऊ असतो, कधी पत्नी, कधी तो जवान स्वतः. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, बंदूक कधी हातात धरली नाही. त्यामुळे फौजेतलं जगणं कसं असतं हे आम्ही सांगणार नाही. प्रश्न नीट कसा मांडावा, एवढंच आपण आज बघू. कारण पुष्कळदा प्रश्नच चुकीचा मांडलेला असतो, आणि मग उत्तर कितीही शोधलं तरी मनाला पटत नाही.

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात हा प्रश्न घरोघरचा आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या तर नावालाच 'मिलिटरी' जोडलं गेलंय. अशा गावांत परत आलेल्या फौजीबद्दल दोन वाक्यं ऐकू येतात. एक, "पेन्शन घेऊन आला." दुसरं, "सोडून आला." दुसरं वाक्य म्हणताना आवाज जरा खाली जातो. काढून टाकला की काय, काही केलं की काय, अशी शंका त्यात असते. म्हणजे जवानाच्या डोक्यावर पैशाचा हिशेब तर असतोच, पण गावाचा निवाडाही असतो. या दोन गोष्टी आधी वेगळ्या करायला हव्यात.

प्रथम नियम काय आहे ते बघू. भारतीय सैन्यात शिपायापासून सुभेदारापर्यंतच्या मंडळींना पेन्शनसाठी १५ वर्षांची सेवा लागते, अधिकाऱ्यांना २० वर्षांची. ती पुरी झाली की साधारणपणे शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम दरमहा, आयुष्यभर. वर महागाईचा दिलासा. माघारी पत्नीला सर्वसाधारण कुटुंब पेन्शन ३० टक्के. २००४ पासून केंद्र सरकारच्या नव्या मुलकी नोकरांना जुनी पेन्शन बंद झाली, सैन्यदलं मात्र त्यातून वगळली गेली. म्हणून ही पेन्शन आज फार दुर्मिळ गोष्ट आहे.

पंधराच्या आत स्वतःहून निघालं तर काय? हातात एकरकमी ग्रॅच्युइटी पडते, स्वतःचा फंड मिळतो. दरमहा काही नाही. शिपाई आणि हवालदारांच्या बाबतीत ही सेवेची ग्रॅच्युइटी दर सहा महिन्यांना अर्ध्या महिन्याचा पगार, अशी मोजतात. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत 'माजी सैनिक' कोणाला म्हणायचं याची व्याख्या आहे. पेन्शन मिळवण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून निघालेला माणूस सामान्यतः त्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे पेन्शन तर जातेच, पण 'माजी सैनिकांसाठी राखीव' असं लिहिलेल्या जागेवर अर्ज करायचा मार्गही बंद होतो. कर्तव्यावर आलेल्या अपंगत्वाची पेन्शन ही वेगळी बाब, तिची गल्लत इथे करू नये.

आणि हेही लक्षात घ्या, फौजेत 'राजीनामा टेबलावर ठेवला आणि निघालो' असं नसतं. अर्ज करावा लागतो, कारण द्यावं लागतं, मंजुरी मिळावी लागते, आणि अर्ज नामंजूरही होऊ शकतो. मंजुरीवाचून निघणं म्हणजे पळून जाणं. १९५० च्या आर्मी ॲक्टखाली तो गुन्हा आहे. तेव्हा आपण जे बोलतोय ते रीतसर दाराने बाहेर पडण्याबद्दल बोलतोय.

आता इथे एक कोडं आहे. १७ डिसेंबर १९८२ ला सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात निकाल दिला. त्याचा आशय असा की पेन्शन म्हणजे सरकारची मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे. फार मोठा निकाल. पण मग तुम्ही विचाराल, सेवेचाच मोबदला असेल तर चौदा वर्षं अकरा महिने सेवा केलेल्याला दरमहा शून्य कसं? मोबदला तर रोजच्या रोज कमावला जातो ना?

याचं उत्तर न्यायात नाही, सैन्याच्या गरजेत आहे. सैन्याला दोन गोष्टी लागतात. शिकवून तयार केलेला माणूस मध्येच जाऊ नये, आणि सैन्य म्हातारंही होऊ नये. म्हणून एक उंबरठा ठेवतात. उंबरठ्यापर्यंत माणूस थांबतो आणि तो ओलांडल्यावर, अजून तरुण असतानाच, सुखाने घरी जातो. ही युक्ती आजची नाही. रोमचा सम्राट ऑगस्टस याने सैनिकांच्या निवृत्तीसाठी इसवी सन ६ मध्ये वेगळा खजिना उभा केला. साध्या सैनिकाची मुदत २० वर्षं, आणि ती भरली की १२,००० सेस्टर्स एकरकमी. ऑगस्टस वारला त्याच वर्षी, इसवी सन १४ मध्ये, डॅन्यूब आणि ऱ्हाईनकडच्या सैन्यांनी बंड केलं. मुदत उलटून गेली तरी सोडत नाहीत, ही त्यांची मोठी तक्रार होती. म्हणजे उंबरठा बांधणारा तो पुढेही सरकवू शकतो.

उंबरठा निसर्गाने घातलेला नाही, माणसाने घातलेला आहे, याची दोन उदाहरणं जवळच्या काळातली. अमेरिकी सैन्यात पेन्शनसाठी २० वर्षं लागतात. त्याआधी निघणाऱ्याच्या हाती निवृत्तीचं म्हणून फारसं काही पडत नसे. १ जानेवारी २०१८ पासून त्यांनी पद्धत बदलली. पेन्शनचं प्रमाण थोडं कमी केलं आणि सैनिकाच्या बचत खात्यात सरकार सुरुवातीच्या वर्षांपासूनच भर घालू लागलं. निदान काहीतरी बरोबर नेता यावं म्हणून. दुसरं उदाहरण आपल्याकडचं. शॉर्ट सर्व्हिसच्या महिला अधिकाऱ्यांची सेवा फार तर १४ वर्षांपर्यंत जायची, आणि पेन्शनला २० लागतात. म्हणजे उंबरठ्याच्या अलीकडेच रस्ता संपत होता. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायम कमिशनचा मार्ग खुला केला. २०२२ पासून भरती होणाऱ्या अग्निवीरांची गोष्ट आणखी निराळी. चार वर्षं, पेन्शन नाही, शेवटी सेवानिधी, आणि फार तर चौघांतल्या एकाला पुढे कायम सेवा.

हे सगळं कशासाठी सांगितलं? एकाच मुद्द्यासाठी. पंधरा वर्षांचा नियम सैन्याची गरज मोजतो, तुमच्या सेवेची किंमत मोजत नाही. अकरा वर्षं सियाचीन, राजस्थान, ईशान्य भारत करून आलेल्या माणसाची सेवा पेन्शन नाही म्हणून खोटी ठरत नाही. गावाचा निवाडा या एका गोष्टीवर चुकतो. आणि जवानाने निर्णय घेताना गावाचा आवाज हिशेबात धरायचा नाही, तो याच कारणाने.

आता हिशेबाकडे येऊ. "इतकी वर्षं काढली, आता सोडायचं?" हे वाक्य सगळेच म्हणतात. अर्थशास्त्री लगेच सांगतो, गेलेलं मोजू नका, पुढचं मोजा. बोअर मारताना बघा. तीनशे फूट गेलं, पाणी नाही. मालक म्हणतो, एवढा पैसा घातलाय, अजून शंभर फूट मारा. पण तीनशे फूट गेले म्हणून चारशेवर पाणी असेलच असं कुठे आहे? गेलेले तीनशे फूट पुढच्या शंभरांबद्दल काहीच सांगत नाहीत. असं करून लोक कर्जात बुडालेत.

पण पेन्शनची बोअर अशी नाही. इथे चारशेवर पाणी आहे हे लेखी दिलेलं आहे. तेव्हा तीनशेवर थांबणारा आणि पन्नासवर थांबणारा यांची स्थिती एक नाही. गेलेल्या वर्षांना स्वतःची किंमत नाही हे खरं, पण त्यांच्यामुळे उरलेल्या वर्षांची किंमत बदलते. 'किती वर्षं गेली' हा प्रश्न बाजूला ठेवा. 'उरलेल्या एकेका वर्षाचा भाव काय, आणि तो कोण भरतंय' हा खरा प्रश्न.

भाव काढून बघू. आकडे सोपे आणि मानलेले घेऊ. समजा, पेन्शनसाठी धरला जाणारा पगार ४०,००० रुपये. निम्मी पेन्शन २०,०००, म्हणजे वर्षाला २,४०,०००. विसाव्या वर्षी भरती, पस्तिसाव्या वर्षी घरी, आयुष्य पंचाहत्तर. चाळीस वर्षांचे झाले ९६ लाख. पुढच्या काळातल्या रुपयाची किंमत कमी होते, पण महागाईचा दिलासा त्यातलं बरंचसं भरून काढतो, म्हणून ते आज सोडून देऊ.

ज्याची पाच वर्षं झाली, दहा उरली, त्याला उरलेलं प्रत्येक वर्ष पगाराशिवाय ९ लाख ६० हजार देतं. ज्याची तीन उरली, त्याला प्रत्येक वर्ष ३२ लाख. ज्याचं एकच उरलं, त्याला ते एक वर्ष ९६ लाख. आणि बाराव्या वर्षी निघालेल्याला सेवेची ग्रॅच्युइटी, याच पगाराने, बारा महिन्यांची, म्हणजे ४ लाख ८० हजारांच्या आसपास. बाहेर महिन्याला २०,००० रुपये जास्त देणारी नोकरी मिळते असं धरलं, तरी तीन वर्षांत ती ७ लाख २० हजार जास्त देईल. हे आकडे शेजारी शेजारी मांडले की कळतं, बाराव्या वर्षी निव्वळ पैशासाठी निघणं जवळजवळ कधीच बसत नाही.

पण पाचव्या-सहाव्या वर्षी? तेव्हा माणूस पंचवीस-सव्वीसचा असतो. शिकू शकतो, पदवी पुरी करू शकतो, दुसऱ्या धंद्यात मुरू शकतो. दहा वर्षांची आघाडी त्याला मिळते. तेव्हा तुलना खरी असते, दोन्ही पारडी हलतात.

म्हणून आमचं पहिलं सांगणं असं: या निर्णयाला हंगाम आहे. पेरणीचा हंगाम गेल्यावर काय पेरू म्हणून विचारण्यात अर्थ नाही. आपल्याकडे हा प्रश्न दहाव्या, बाराव्या, तेराव्या वर्षी विचारला जातो, थकवा साचल्यावर. तो विचारायला हवा पाचव्या ते सातव्या वर्षी, शांत डोक्याने, सुट्टीत घरच्यांना बसवून. "मी पंधरा करणार आहे का?" उत्तर 'हो' असेल तर पुढचे वाईट दिवस ठरवून सोसायचे. 'नाही' असेल तर तेव्हाच तयारीला लागायचं.

बरं, पण बारा वर्षं झाली आहेत आणि प्रश्न आज समोर आहे, त्याचं काय? तेव्हा कारण तपासायचं. 'नको वाटतं' हे कारण नाही, ते लक्षण आहे. त्यामागे साधारण तीन गोष्टी असतात.

पहिली, माणूस थकलाय किंवा अपमान झालाय. एखादा वरिष्ठ, एखादी पोस्टिंग, बढती हुकली. हे दुःख खरं आहे, पण फौजेत माणसंही बदलतात आणि जागाही. जी गोष्ट दोन वर्षांत आपोआप बदलणार आहे तिच्यासाठी चाळीस वर्षांचा निर्णय करू नये.

दुसरी, घर. वडील अंथरुणावर, पत्नी एकटी, मूल आजारी. इथे पहिलं पाऊल अर्जाचं, पण डिस्चार्जच्या नव्हे. घराजवळ कंपॅशनेट पोस्टिंग मागता येतं. एन.सी.सी.सारख्या ठिकाणीही जवानांच्या नेमणुका होतात. मिळेलच असं नाही. पण मागितलंच नाही आणि निघून आलो, असं होऊ नये.

तिसरी, मन. 'हे काम मी आता प्रामाणिकपणे करू शकत नाही' असं आतून वाटणं. हे खरोखर असेल तर ९६ लाखांचा आकडा तिथे बोलत नाही. हातात शस्त्र असलेल्या माणसाने मनाविरुद्ध, केवळ पैशासाठी उभं राहावं, असं आम्ही सांगणार नाही.

इथे कोणी गीता आणतं. अर्जुनालाही निघायचं होतं, त्याला थांबवलं, स्वधर्म सांगितला. पण अर्जुन कुठे उभा होता ते बघा. दोन सैन्यांच्या मध्ये. तो रथातून उतरला असता तर त्याच्या भरवशावर आलेले लोक उघडे पडले असते. सॉक्रेटिस आपल्या खटल्यात सांगतो की सेनापतींनी नेमून दिलेली जागा आपण मरणाच्या भीतीने सोडली नाही. तोही लढाईतल्या जागेबद्दल बोलतोय. रीतसर अर्ज करून, मंजुरी घेऊन, आपल्या जागी दुसरा आल्यावर घरी जाणारा जवान कोणालाही उघडं पाडत नाही. त्याला पळपुटा म्हणणं हे गीतेचंही म्हणणं नव्हे.

उलट बाजूही आहे. पुष्कळ जवानांना अपराधी वाटतं, "मी आता फक्त पेन्शनसाठी थांबलोय." कांटने १७८५ च्या ग्रंथात एका दुकानदाराचं उदाहरण घेतलंय. तो गिऱ्हाइकाला फसवत नाही, पण का? तर धंदा चालावा म्हणून. कांट म्हणतो, कृती कर्तव्याला धरून आहे, पण कर्तव्याच्या प्रेरणेतून आलेली नाही. ठीक. पण आपण गिऱ्हाइकाच्या बाजूने बघू. त्याला माप पुरं मिळालं. पेन्शनसाठी थांबलेला जवान रात्री पहाऱ्यावर जागा असेल, तर शेजारी झोपलेला त्याचा बडी सुरक्षित आहे. पोटासाठी नोकरी करण्यात लाज नाही. अट एकच: थांबायचं असेल तर माप पुरं द्यायचं. "तीन वर्षं ढकलायची" असं म्हणून जो ढिला पडतो, तो दुसऱ्याच्या जिवावर पेन्शन कमावतो. तेव्हा स्वतःला विचारायचा प्रश्न, "मला अजून आवडतं का?" हा नव्हे. "मी अजून जागा राहीन का?" हा.

शेवटचा मुद्दा. पैसा आणि घर ही दोन पारडी एका तराजूत बसत नाहीत. मुलाचं चौथं ते सातवं वर्ष किती लाखांचं? असा भाव काढता येत नाही. मग तुलना करायची कशी? आम्ही एकच कसोटी सुचवतो. कोणतं नुकसान नंतर भरून काढता येईल? हुकलेली बढती विसरता येते. वडिलांच्या शेवटच्या वर्षाला नसणं भरून निघत नाही. हातची गेलेली पेन्शन पस्तिशीनंतर पुन्हा उभी करणं फार थोड्यांना जमतं. दोन्हीकडे न भरून निघणारं नुकसान असेल, तर तो निर्णय कठीणच असणार. तो कठीण वाटतोय म्हणजे तुमची काही चूक झाली असं नव्हे.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. आपली सेवा किती झाली हे कॅलेंडरवरून ठरवू नका. विनापरवानगी गैरहजेरीचे किंवा कैदेचे दिवस असतील, तर ते पेन्शनच्या सेवेत धरले जात नाहीत. रेकॉर्ड ऑफिसकडून लेखी घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. तीन वर्षं समजत होतो आणि निघाली साडेतीन, असं शेवटी कळायला नको.

(श्रोत्यांपैकी एका ताईंचा प्रश्न: "सर, तुम्ही 'जवानाने ठरवायचं' म्हणालात. पण ती बारा वर्षं आम्हीही काढली. शेती बघितली, सासू-सासरे बघितले. मग मत फक्त त्यांचंच?")

ताई, तुमचा प्रश्न आमच्या व्याख्यानापेक्षा नेमका आहे. मघाशी आपण म्हटलं, उरलेल्या वर्षाचा भाव कोण भरतंय? अर्धा भाव घर भरतं. सहीच्या कागदावर तुमचं नाव नसेल, पण कुटुंब पेन्शनच्या कागदावर असतं, ते उगाच नव्हे. म्हणून आमचं म्हणणं असं की निर्णय फोनवर होऊ नये. फोनवर तो थकलेला असतो आणि तुम्ही धीर देत असता. दोघंही खरं बोलत नाहीत. सुट्टीत, सगळे घरी असताना, कागद घेऊन बसा. एका बाजूला त्याची उरलेली वर्षं लिहा, दुसऱ्या बाजूला तुमची. मग त्याने तुम्हाला विचारावं, "तुला अजून तीन वर्षं जमेल का?" आणि तुम्ही खरं सांगावं. जमणार नसेल तर तसंही सांगावं. मग जे ठरेल ते दोघांचं असेल. ते चुकलं तरी पुढे एकमेकांना बोल लावायची वेळ येणार नाही.

इथे थांबू.